अठ्ठाविशीत वर्दी : कोणती दारे बंद, कोणती उघडी

छत्रपती संभाजीनगरात पहाटे साडेपाचला गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी उभे राहिले, तर दोन प्रकारचे पळणारे दिसतात. एक भरतीची पोरे. सतरा-अठरा वर्षांची, गंगापूर, पैठण, सिल्लोडकडून येऊन शहरात खोली करून राहणारी, सोळाशे मीटरची वेळ सेकंदात सांगणारी. दुसरे थोडे उशिरा येतात, थोडे हळू पळतात. मनगटावर पावले मोजणारे घड्याळ असते आणि साडेआठला त्यांना वाळूजची किंवा शेंद्र्याची कंपनी बस पकडायची असते. यांतले बरेच जण पोट कमी करायला येतात. पण त्यांच्यात असा एखादा असतोच, जो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा आहे, पाच वर्षे संगणकासमोर बसून कंटाळला आहे, आणि ज्याच्या मनात एकच प्रश्न घोळतो आहे : नोकरी सोडून सैन्यात जाता येईल का?

हा प्रश्न घरी विचारला की ‘चांगलं बस्तान बसलंय, आता हे काय खूळ?’ असे उत्तर मिळते. मित्रांना विचारला तर ‘भावा, इच्छा असली की सगळं होतं’ असे. दोन्ही उत्तरे निरुपयोगी आहेत. सैन्यात शिरण्याची एकच एक वाट नाही. अनेक प्रवेश योजना आहेत आणि प्रत्येकीची वयाची, शिक्षणाची, लग्नाची अट वेगळी आहे. काही दारे विशीतच बंद होतात, काही तिशीनंतरही उघडी राहतात, आणि एक दार तर असे आहे की नोकरी सोडून गेलात तर तुम्हाला आत घेणारच नाही. ही सारी दारे एकेक करून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

भिंत कशासाठी?

शिपाई म्हणून भरतीचे दार सर्वांत आधी बंद होते. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत प्रवेशाचे वय साडेसतरा ते एकवीस ठेवले होते; करोनात भरती रखडल्यामुळे फक्त त्या वर्षी ते तेविसापर्यंत वाढवले गेले. चार वर्षांची सेवा, त्यातून पंचवीस टक्क्यांपर्यंत जवानांना कायम करायचे आणि बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी देऊन निरोप द्यायचा, अशी ही रचना आहे. सैन्याचे सरासरी वय बत्तिशीवरून सव्विशीच्या आसपास आणायचे, हा उद्देश सरकारने तेव्हाच सांगितला होता. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला या रचनेत जागा नाही, आणि ती असावी असे योजना आखणाऱ्यांना वाटतही नाही.

हा विचार अग्निपथच्याही आधीचा आहे. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर नेमलेल्या आढावा समितीने सैन्य तरुण ठेवण्यासाठी जवानांची सेवा सात ते दहा वर्षांवर आणावी असे सुचवले होते. पुढे अजय विक्रम सिंह समितीने अधिकाऱ्यांच्या बाबतीत तोच विचार केला. बटालियनचा प्रमुख डोंगर चढू शकेल अशा वयाचा असावा, म्हणून बढतीची वर्षे कमी करण्यात आली. आज लेफ्टनंट दोन वर्षांत कॅप्टन होतो, सहा वर्षांत मेजर आणि तेरा वर्षांत लेफ्टनंट कर्नल. वयाची अट या बढतीच्या शिडीला बांधलेली आहे. उशिरा आलेला माणूस प्रत्येक पायरीवर उशिराच पोहोचणार, म्हणून दारातच वय विचारले जाते.

मराठवाड्यातल्या मुलांची इथे एक हमखास गफलत होते. औरंगपुऱ्यातल्या आणि टीव्ही सेंटरच्या अभ्यासिकांत बसून ज्यांनी एमपीएससी केली, त्यांना वयाची सवलत अंगवळणी पडलेली असते. फौजदाराच्या परीक्षेला खुल्या गटात एकतीस आणि मागासवर्गीयांना चौतीस, हे त्यांना पाठ असते. सैन्यदलांच्या अधिकारी भरतीत जातीवर आधारित आरक्षण नाही आणि त्यामुळे वयाची सवलतही नाही. ओबीसी, अनुसूचित जाती किंवा जमातीच्या उमेदवाराला ‘मला तीन वर्षे जास्त मिळतील’ असा हिशेब इथे मांडता येत नाही. या एका गैरसमजापायी वर्षे वाया गेलेली मुले या शहरात शोधायला फार फिरावे लागत नाही.

सत्ताविशीच्या आतली दारे

अधिकारी होण्याची सर्वांत परिचित वाट म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची सीडीएस परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीसाठी वयाची मर्यादा चोविशीच्या आसपास, तर चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी पंचविशीच्या आसपास संपते. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्यांसाठी लेखी परीक्षेविना विशेष प्रवेश आहे, तोही पंचविसापर्यंतच. नौदलाच्या बहुतेक शाखा इथेच थांबतात. हवाई दलाच्या एएफकॅट परीक्षेत जमिनीवरच्या शाखांसाठी सव्विसापर्यंत मुभा आहे.

सव्विशीत असलेल्या नोकरदारासाठी यापुढे मुख्यतः दोन गट उरतात : अभियंते आणि वकील.

अभियंत्यांसाठी शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल आणि टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स हे दोन प्रवेश आहेत. दोन्हींसाठी वय वीस ते सत्तावीस. लेखी परीक्षा नाही. पदवीच्या गुणांवरून अर्ज छाटले जातात आणि उरलेल्यांना थेट एसएसबीला, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या निवड चाचणीला बोलावले जाते. शासकीय अभियांत्रिकीतून किंवा शहरातल्या खासगी महाविद्यालयांतून बाहेर पडून वाळूजच्या एखाद्या कारखान्यात क्वालिटीला चिकटलेल्या मुलासाठी हे सर्वांत जवळचे दार. पहिल्या प्रवेशात मुदतीची सेवा मिळते, दुसऱ्यात कायमस्वरूपी कमिशन.

इथे ‘सत्तावीस’ या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. वय कोर्स सुरू होण्याच्या ठरावीक तारखेला मोजतात आणि त्या तारखेच्या आधी सत्तावीस पूर्ण झालेली असली की संपले. अर्ज, छाटणी, एसएसबी, मेडिकल आणि गुणवत्ता यादी यांत काही महिने सहज जातात. म्हणजे सव्वीस पूर्ण केलेल्याच्या हाती प्रत्यक्षात एखादाच प्रयत्न असतो, फार तर दोन. ‘अजून वर्षभर आहे’ असे समजणाऱ्याच्या हातात बहुधा चारच महिने असतात.

वकिलांसाठी सैन्याची जॅग शाखा आहे. वय एकवीस ते सत्तावीस, एलएलबीला किमान ५५ टक्के गुण आणि अलीकडे क्लॅटच्या पदव्युत्तर परीक्षेचे गुणही लागतात. माणिकचंद पहाडे महाविद्यालयातून पदवी घेऊन जिल्हा न्यायालयात ज्येष्ठांच्या हाताखाली तारखा घेणाऱ्यांपैकी किती जणांना ही वाट ठाऊक असते, हा प्रश्नच आहे. या शाखेत पुरुषांसाठी जास्त जागा राखून ठेवण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द ठरवली. त्यामुळे मुलींसाठी हे दार पूर्वीपेक्षा रुंद झाले आहे.

तिशी ओलांडूनही उघडी असलेली

ज्या विद्येला शिकायलाच उशीर लागतो, तिच्यासाठी सैन्याने वय लांबवले आहे. एमबीबीएस डॉक्टरला सैन्याच्या वैद्यकीय सेवेत शॉर्ट सर्व्हिसवर तिसाव्या वर्षापर्यंत जाता येते, पदव्युत्तर शिक्षण झालेले असेल तर पस्तिसापर्यंत. तो दाखल होतो तोच कॅप्टन म्हणून. घाटी रुग्णालयात रेसिडेन्सीच्या रात्रपाळ्या काढलेल्या डॉक्टरला शारीरिक कष्टांची भीती घालण्याचे कारण नाही.

पशुवैद्यकांसाठी रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर आहे. वय एकवीस ते बत्तीस. घोडे, खेचरे आणि श्वानपथके यांची जबाबदारी याच शाखेकडे असते. परभणी आणि उदगीर या मराठवाड्यातल्याच दोन गावांत पशुवैद्यक महाविद्यालये असताना हे दार इथे अपरिचित राहावे, हे नवलच. बीएस्सी नर्सिंग केलेल्या मुलींसाठी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा शॉर्ट सर्व्हिस प्रवेश पस्तिशीपर्यंत खुला आहे. खासगी रुग्णालयात बेताच्या पगारावर राबणाऱ्या परिचारिकेसाठी ही मोठी झेप ठरू शकते.

आणखी एक दार असे आहे की ते पंचविशीच्या आधी उघडतच नाही. सैन्यातले धर्मशिक्षक : पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री, बौद्ध भिक्खू. त्यांना नायब सुभेदार म्हणून घेतात आणि तिशी उलटल्यावरही अर्ज करता येतो. पदवीबरोबर त्या त्या धर्माच्या अध्यापनाची पात्रता लागते. हे सगळेच धर्म एकाच पंचक्रोशीत नांदणाऱ्या शहरात हा प्रवेश निदान माहीत तरी असावा.

या यादीतून एक गोष्ट ध्यानात येते. अठ्ठाविसाव्या वर्षी दार उघडे आहे की बंद, हे वयापेक्षा पदवी जास्त ठरवते. बीए किंवा बीकॉम करून बँकेत, विमा कंपनीत वा कॉल सेंटरमध्ये बसलेल्याला सत्ताविशीनंतर नियमित सैन्यात अधिकारी होण्याचा मार्ग जवळपास उरत नाही. हे ऐकायला कडू आहे, पण खोट्या आशेपेक्षा बरे.

नोकरी सोडू नका, असे सांगणारे सैन्य

आता ते उलटे दार. टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. तिची कल्पनाच अशी आहे की नागरिकाने आपला पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळावा, वर्षातून ठरावीक काळ प्रशिक्षण घ्यावे आणि देशाला गरज पडली की गणवेश चढवून हजर व्हावे. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत ही सेना कामाला आली.

अधिकारी म्हणून अर्ज करण्याचे वय अठरा ते बेचाळीस. पदवी हवी, शरीर तंदुरुस्त हवे आणि उत्पन्नाचे स्वतःचे साधन हवे : नोकरी, धंदा किंवा स्वतंत्र व्यवसाय. लेखी परीक्षा, प्राथमिक मुलाखत, एसएसबी आणि मेडिकल असे टप्पे आहेत. सेवेवर बोलावलेल्या काळात नियमित अधिकाऱ्यासारखेच वेतन मिळते. पण वर्षभर काम मिळेल अशी हमी नसते आणि निवृत्तिवेतनही गृहीत धरता येत नाही. जवानांची भरतीही अठरा ते बेचाळीस याच वयात होते. महाराष्ट्रात मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या प्रादेशिक सेनेच्या बटालियन पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत.

पुष्कळांना प्रादेशिक सेना म्हटले की महेंद्रसिंग धोनीच आठवतो. त्याचे २०११ मधले लेफ्टनंट कर्नलपद मानद होते. सचिन पायलट मात्र २०१२ मध्ये रीतसर निवड होऊन अधिकारी झाले. दोन्हींतला फरक समजून घ्यावा. एकात सन्मान मिळतो, दुसऱ्यासाठी परीक्षा द्यावी लागते.

ही हौशी लोकांची सेना आहे, असा एक समज आहे. मे २०२५ मध्ये तो विरला. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या ऐन दिवसांत केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेचे सर्व अधिकारी आणि जवान सेवेत बोलावण्याचे अधिकार दिले, आणि बत्तीसपैकी चौदा पायदळ बटालियन तैनात करण्याची तरतूद केली. ज्याने ‘सुट्टीतली फौज’ समजून अर्ज भरला असेल, त्याने ती अधिसूचना शांतपणे वाचावी. बोलावणे आले की जावे लागते; मग कंपनीचा तिमाही हिशेब असो की मुलाची दहावी.

आपल्या शहराला या सेनेची एक वेगळी ओळखही आहे. महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ वी इको बटालियन मराठवाड्यात झाडे लावण्यासाठी इथेच उभी करण्यात आली. अशा पर्यावरण बटालियनमध्ये प्रामुख्याने माजी सैनिक असतात. त्यामुळे कार्यालयातून उठून थेट तिथे जाता येत नाही. पण उजाड टेकड्यांवर खड्डे खणणारे गणवेशधारी लोक पाहिले, की प्रादेशिक सेना म्हणजे काय हे समजायला पुस्तक लागत नाही.

जे गेले, जे गेल्या

उशिरा गणवेश घातलेल्यांची परंपरा मराठी माणसाला नवी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला निघाले, तेव्हा ते अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे ते तिथल्या आठव्या मार्ग सेनेत दाखल झाले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि त्यांच्याच काळात देशभरातल्या पदवीधरांसाठी आणीबाणीच्या कमिशनचे दार उघडले गेले. त्यासाठी १९६३ मध्ये पुणे आणि मद्रास इथे प्रशिक्षण शाळा सुरू झाल्या. शिक्षकी, कारकुनी आणि वकिली सोडून माणसे त्यात गेली. गरज सरल्यावर त्यांतल्या अनेकांना पाच वर्षांत मोकळे करण्यात आले आणि पुन्हा नागरी नोकरीच्या शोधात फिरावे लागले. मद्रासची ती शाळाच आजची चेन्नईची ओटीए.

अलीकडची उदाहरणे स्त्रियांची आहेत आणि त्यांच्यामागे दुःख आहे. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक शिक्षिका होत्या, दोन मुलांच्या आई होत्या. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल करण्यात आली आणि चाळिशीजवळ आलेल्या स्वाती सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. मेजर प्रसाद महाडिक यांचा डिसेंबर २०१७ मध्ये अरुणाचलात आगीत मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी, विरारच्या गौरी महाडिक, वकील आणि कंपनी सेक्रेटरी होत्या. त्यांनी मुंबईतली नोकरी सोडली, एसएसबी दिली आणि मार्च २०२० मध्ये त्यांच्या खांद्यावर तारे लागले. मीरा रोडच्या मेजर कौस्तुभ राणे यांना ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझमध्ये वीरमरण आले. त्यांच्या पत्नी कनिका राणे नोव्हेंबर २०२० मध्ये अधिकारी झाल्या.

सैनिकांच्या विधवांसाठी असलेला हा प्रवेश पस्तिशीपर्यंतचा आहे आणि तो इतरांना लागू नाही. तरी या तिघींनी एक गोष्ट सिद्ध केली. ओटीएचे सुमारे अकरा महिन्यांचे प्रशिक्षण तिशीतल्या शरीरालाही झेपते. वयाची भिंत शरीराने घातलेली नाही, व्यवस्थेने घातली आहे. व्यवस्थेची म्हणून तिची कारणे आहेत, ती वर आलीच. पण ‘आता कुठे जमणार पळायला’ असे म्हणून स्वतःच हात टेकणाऱ्याला या तिघींकडे पाहून ती सबब पुढे करता येणार नाही.

सचखंड एक्स्प्रेस आणि पाच दिवस

आपल्या स्थानकावरून नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेस जाते. एसएसबीची केंद्रे भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू आणि जालंधरला आहेत; त्यांतले भोपाळ या गाडीच्या वाटेवरच लागते आणि जालंधरसाठी पंजाबातच उतरायचे असते. या गाडीने गेलेली बरीच मुले पहिल्याच दिवशी संध्याकाळी परतीच्या वाटेला लागतात. पहिला दिवस छाटणीचा असतो : बुद्धिमापन चाचणी आणि चित्र पाहून गोष्ट लिहून त्यावर गटात चर्चा. उरलेल्यांच्या पुढचे चार दिवस मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानातली गटकामे, वैयक्तिक मुलाखत आणि शेवटी मंडळापुढची हजेरी यांत जातात.

नोकरदार उमेदवाराला इथे एक फायदा असतो आणि एक तोटा. फायदा असा की त्याच्याकडे सांगण्यासारखे काही घडलेले असते. यंत्र बंद पडल्यावर रात्रीची पाळी कशी सांभाळली, दोन कामगारांतला वाद कसा मिटवला, चूक झाली तेव्हा साहेबासमोर काय कबूल केले, हे सारे मुलाखतीत उपयोगी पडते. एकविशीतल्या मुलाकडे इतका माल नसतो. तोटा असा की ‘आत्ताच का?’ हा प्रश्न टळत नाही. पाच वर्षे तुम्हाला सैन्य आठवले नाही, आता बढती हुकली म्हणून आठवले का? याचे पाठ केलेले उत्तर समोरच्याला लगेच कळते.

इंग्रजीची धास्ती इथे गरजेपेक्षा जास्त आहे. मानसशास्त्रीय चाचण्या हिंदीतूनही लिहिता येतात. खरी अडचण वेगळी असते. कार्यालयात पाच वर्षे बसलेल्याच्या मानेला, कमरेला आणि डोळ्यांना त्याची झळ लागलेली असते. मेडिकलमध्ये वजन, दृष्टी, रंगज्ञान, कान, दात, पायांची ठेवण, नाकातले हाड असे बारीकसारीक सगळे पाहतात. यांतल्या काही गोष्टी शस्त्रक्रियेने सुधारतात, काही नाही. म्हणून एसएसबीच्या तयारीवर पैसे घालण्याआधी लष्करी मेडिकलची माहिती असलेल्या डॉक्टरकडून एकदा तपासून घ्यावे. काही हजारांत वर्षभराचा मनस्ताप वाचतो.

धावण्याचेही तेच. अधिकारी प्रवेशांच्या अलीकडच्या जाहिरातींत दोन किलोमीटर चारशे मीटर अंतर साडेदहा मिनिटांत पार करण्याची क्षमता प्रशिक्षणाआधी कमवावी, असे सांगितलेले असते. बैठे काम करणाऱ्याला तिथे पोहोचायला काही महिने रोज मैदान गाठावे लागते.

पगार, लग्न आणि परतीची वाट

प्रशिक्षणकाळात अधिकारी उमेदवाराला ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. लेफ्टनंटचे मूळ वेतनही तेवढेच, त्यावर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन आणि भत्ते. सात-आठ वर्षे आयटीत काढलेल्याचा पगार यापेक्षा जास्त असू शकतो; कारखान्यातल्या पर्यवेक्षकाचा बहुधा कमी असतो. खरा प्रश्न आकड्याचा नसून हप्त्यांचा आहे. सातारा परिसरातल्या फ्लॅटचे कर्ज आणि गाडीचा ईएमआय अंगावर असेल, तर प्रशिक्षणाच्या अकरा महिन्यांत घर कोणी चालवायचे, हे आधी ठरवावे लागते.

लग्नाचेही तसेच. अभियंत्यांच्या थेट प्रवेशांना अविवाहित उमेदवार लागतात आणि प्रशिक्षणात असताना लग्न करता येत नाही. आपल्याकडे सव्विशी म्हणजे नेमका स्थळे पाहण्याचा काळ. ‘आधी लग्न उरकू, मग बघू’ म्हणणाऱ्या घरात अभियंत्याचे दार लग्नाच्या दिवशीच बंद होते. टेरिटोरियल आर्मीला मात्र बायको-मुले असलेला चालतो.

शॉर्ट सर्व्हिसचा हिशेब असा : दहा वर्षे, आणि हवी तर आणखी चार. अठ्ठाविसाव्या वर्षी कमिशन मिळाले तर तिसाव्या वर्षी कॅप्टन, चौतिसाव्या वर्षी मेजर, अडतिसाव्या वर्षी पहिला निर्णय, आणि मुदत वाढवली तर बेचाळिसाव्या वर्षी बाहेर. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षे सेवा लागते, म्हणजे कायम कमिशन मिळाले नाही तर ते नाही. बेचाळिसाव्या वर्षी मुले शाळेत असतील आणि तुम्ही पुन्हा बायोडाटा लिहीत असाल. हे वाईटच असते असे नाही. सैन्यातून आलेल्यांसाठी व्यवस्थापन संस्थांचे अभ्यासक्रम आहेत, उद्योगांना अशी माणसे हवी असतात. आणि गंमत अशी की आत येताना वयाची एका दिवसाची सवलत न देणारी व्यवस्था बाहेर पडताना ती देते : पाच वर्षे सेवा झालेल्या शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्याला नागरी सेवा परीक्षेत वयात पाच वर्षांची सूट आहे.

राजीनाम्याबद्दल एकच नियम पाळावा, आणि तो कसोशीने. एसएसबीत ‘रेकमेंड’ झाले, मेडिकल ‘फिट’ आले, तरीही जागा मोजक्या असल्याने गुणवत्ता यादीत नाव नाही, असे दरवर्षी अनेकांचे होते. यादी लागून रुजू होण्याचे पत्र हाती पडेपर्यंत राजीनामा देऊ नये. पत्र आले की वेळ थोडा असतो आणि कंपनीचा नोटिशीचा काळ कधी कधी तीन महिन्यांचा असतो. म्हणून नेमणूकपत्रातली ती अट आजच काढून वाचावी, आणि नोटिशीऐवजी पैसे भरून सुटता येत असेल तर तेवढी रक्कम बाजूला ठेवावी.

ओढ आणि कंटाळा

ज्यांना लहानपणापासून सैन्यात जायचे होते, त्यांच्यासाठी या शहरात १९७७ पासून राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे. दहावीनंतर मुले निवडून ती त्यांना एनडीएसाठी तयार करते. मुलींसाठी नाशिकला अलीकडे तशीच संस्था निघाली आहे. म्हणजे पंधराव्या वर्षी निर्णय घेणाऱ्यासाठी शासनाने रस्ता बांधून ठेवला आहे. सव्विसाव्या वर्षी निर्णय घेणाऱ्यासाठी नाही. त्याला शहरातल्या अकॅडम्यांत जावे तर तिथे सगळे शिपाई भरतीच्या वयाचे, आणि एसएसबीची तयारी करून घेणारे बहुतेक पुण्याला. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारी खिडकीच इथे नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा एनसीसीच्या मुख्यालयात महिन्यातून एक दिवस अशा चौकशीसाठी ठेवला, तर त्याला फार खर्च येणार नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा. वर्दीची ओढ आहे की कार्यालयाचा कंटाळा? दोन्ही एकाच वयात येतात आणि एकमेकांसारखी दिसतात. कंटाळ्यावर नोकरी बदलणे हा औषधोपचार आहे, सैन्य नाही. सैन्यातही फायली आहेत, वरिष्ठांचा रोष आहे, आठवडेच्या आठवडे तेच ते काम आहे. शिवाय तिथे शनिवार-रविवार नसतो आणि राजीनामा टेबलावर ठेवून बाहेर पडता येत नाही.

हे ओळखूनही ओढ उरत असेल, तर निवाडा सरळ आहे. अभियंता किंवा वकील असाल आणि सत्ताविशी पूर्ण व्हायची असेल, तर नोकरीत राहून या वर्षी अर्ज करा. पुढचे वर्ष तुमचे नाही. डॉक्टर, पशुवैद्यक, परिचारिका असाल तर अजून वेळ आहे, पण तो भरपूर समजू नका. यांपैकी काहीच नसाल आणि अठ्ठाविशी उलटली असेल, तर टेरिटोरियल आर्मीची जाहिरात येण्याची वाट पाहा, आणि तोवर कंपनी बस चुकवू नका. त्या सेनेला तुमची नोकरी चालू असलेलीच हवी आहे.